खुराक राहिला, मेहनत गेली

महाराष्ट्रात घराबाहेर पडून अंगमेहनत करावी असा ऋतू खरे तर एकच आहे. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी नऊनंतर रस्त्यावर पाऊल टाकवत नाही. जूनपासून कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड लागते, मैदानांचा चिखल होतो. ऑक्टोबरचे ऊन घामाघूम करते. मग दिवाळी सरते आणि हवा बदलते. निफाडला पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पुण्यात दहाच्या आसपास येतो, मुंबईत सोळा-सतरावर अडतो. दुपारी मात्र बहुतेक ठिकाणी उबदार ऊन असते, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. चालणाऱ्याला, धावणाऱ्याला, जोर काढणाऱ्याला याहून सोयीचे हवामान नाही. स्नायू काम करू लागले की शरीरात उष्णता तयार होते. ती बाहेर टाकण्यासाठी उन्हाळ्यात हृदयाला बरेचसे रक्त त्वचेकडे वळवावे लागते, त्यामुळे दम लवकर लागतो. गार हवेत हा भार हलका होतो आणि तेच शरीर जास्त वेळ, जास्त जोमाने काम करते. पुण्याची जुनी मॅरेथॉन डिसेंबरात आणि मुंबईची जानेवारीत भरत आली, ती काही उगाच नाही.

तरीही थंडी पडू लागली की आरोग्याच्या पुरवण्यांमधून जो सल्ला मिळतो तो बर्फाच्या देशातून उचललेला असतो. बाहेर पडता येणार नाही म्हणून घरातच व्यायाम करा, सूर्य दिसणार नाही म्हणून मन उदास होईल, गरम गोड खावेसे वाटेल ते आवरा. स्टॉकहोमला डिसेंबरातला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. पुण्यात तो अकरा तासांचा असतो. तिथला हिवाळा माणसाला घरात कोंडतो हे खरे आहे आणि तिथे तो सल्ला योग्यही आहे. आपल्याकडे हिवाळा माणसाला बाहेर काढण्याच्या लायकीचा आहे. तेव्हा आपले वजन थंडीत वाढत असेल तर त्याचे खापर थंडीवर फोडता येणार नाही. कारण आपल्या दिवसाच्या मांडणीत शोधावे लागेल, आणि माझ्या मते ते तिथेच आहे.

वाढ होते तरी किती? अमेरिकेत २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक साधा पण फार महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतच्या सणासुदीत १९५ प्रौढांची वजने घेतली गेली. लोकांना स्वतःचे वजन बरेच वाढल्यासारखे वाटत होते, प्रत्यक्षात सरासरी वाढ निघाली सुमारे ३७० ग्रॅम. इतक्याने कोणाचा सदरा घट्ट होत नाही. पण पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यातही ही वाढ उतरली नाही. मला या अभ्यासातली ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. हीच चाल दरवर्षी राहिली असे धरले, तर वीस हिवाळ्यांत सात किलो होतात. पंचविशीत सडपातळ असलेला माणूस पंचेचाळिशीत डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा त्याला आपण कधी जाड झालो हे सांगता येत नाही, कारण तो कोणत्याही एका वर्षी जाड झालेलाच नसतो.

अमेरिकेतला तो काळ सहा आठवड्यांचा होता. आपली साखळी त्याहून लांब आहे. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच तुळशीचे लग्न लागते आणि लग्नसराई सुरू होते. मग वर्षअखेरीच्या पार्ट्या, शेतावरचा हुरडा, संक्रांतीचा तिळगूळ, हळदीकुंकवाचा फराळ. यातला एकही प्रसंग मी टाकाऊ मानत नाही. माणसे एकत्र येऊन जेवतात ही आपल्या जगण्यातली मोठी गोष्ट आहे आणि वजनाच्या भीतीने ती सोडावी असे कोणी सांगितले तर मी त्याला विरोध करीन. प्रश्न असा आहे की या खाण्याच्या जोडीला जे होते ते कुठे गेले.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदातल्या ग्रंथात ऋतुचर्येचा एक अध्याय आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून गहू, उडीद, उसाचे आणि दुधाचे पदार्थ, नवे तांदूळ, स्निग्ध अन्न घ्यावे असे तो सांगतो. एवढा भाग सगळ्यांना पाठ असतो, कारण लाडवांच्या डब्यावर तो छापता येतो. पण त्याच ठिकाणी वाग्भट अंगाला तेल लावायला सांगतो, मर्दन सांगतो आणि कुस्तीत तरबेज असलेल्यांबरोबर कुस्ती खेळायलाही सांगतो. त्याआधीच्या दिनचर्येच्या अध्यायात तर व्यायामाचा हिशेबच आहे: बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात आपल्या निम्म्या शक्तीइतका व्यायाम करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. म्हणजे ज्या ऋतूत तुपाची परवानगी आहे त्याच ऋतूत व्यायामाची मात्राही सर्वांत मोठी आहे. आधुनिक शरीरशास्त्राला वाग्भटाचा दाखला लागत नाही, आणि प्रत्येक जुने वचन खरेच असते असेही मी मानत नाही. पण आपली परंपरा म्हणून जे आपण मिरवतो ते निदान पूर्ण वाचावे. अर्धे वाचून लाडू उचलायचा आणि अर्धे सोडून द्यायचे, हा परंपरेवरही अन्याय आहे.

कोल्हापूरच्या तालमींमध्ये हे अर्धे-अर्धे कधी झाले नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पोरगा पहाटे अंधारात उठतो, जोर-बैठका मारतो, दोर चढतो, तांबड्या मातीत लढत धरतो. ही त्याची मेहनत. मग दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. हा त्याचा खुराक. वस्ताद दोन्हींवर सारखीच नजर ठेवतो. आणि कुस्ती सोडलेल्या पैलवानाचे काय होते हेही कोल्हापुरात सगळ्यांनी पाहिलेले असते: मेहनत एका दिवसात सुटते, खुराकाची सवय सुटत नाही, आणि दोन-तीन वर्षांत ते पोलादी अंग सैल होऊन पोट पुढे येते. अनेकदा पाठोपाठ मधुमेह आणि गुडघेदुखी येते. गेल्या दोन पिढ्यांत शहरातल्या आणि आता मोठ्या गावांतल्याही मराठी कुटुंबांचे हेच झाले आहे. जात्यावरचे दळण, विहिरीचे पाणी, शेतापर्यंतची पायपीट, सायकलवरची शाळा आणि नोकरी हे सगळे सुटले. सुटले ते बरेच झाले. दळणाच्या आणि पाण्याच्या कष्टांनी बायकांची आयुष्ये झिजत होती, त्यांचे गोडवे गाऊ नयेत. पण त्या कष्टांच्या बेताने ठरलेले ताट मात्र तसेच राहिले, किंबहुना तेल-साखर स्वस्त झाल्यावर ते आणखी जड झाले.

डिंकाच्या लाडवाचाच हिशेब पाहू. तूप, खोबरे, खारीक, गूळ, डिंक. तुपाच्या एका ग्रॅमला नऊ उष्मांक, गुळाच्या एका ग्रॅमला सुमारे चार. चाळीस ग्रॅमचा बेताचा लाडू साधारण १८० ते २०० उष्मांकांचा होतो. ६५ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालतो तेव्हा साठ-पासष्ट उष्मांक खर्ची पडतात. म्हणजे एका लाडवाला तीन किलोमीटर, जवळपास पाऊण तास. बाळंतपणातून उठणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी हा लाडू नेमका होता, कारण दूध तयार करायला तिच्या शरीराला रोज कित्येकशे उष्मांक जास्तीचे लागतात. खुर्चीत आठ तास बसणाऱ्या तिच्या नवऱ्याने तो पोह्यांच्या बशीनंतर चहासोबत खावा, अशी योजना कोणी केलेली नव्हती. लाडू खायचाच तर न्याहारीऐवजी खावा, न्याहारीवर नको. चहाचेही तसेच. थंडीत चहाच्या फेऱ्या वाढतात, आणि दोन-दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना जी इष्ट मर्यादा सांगते, ती दिवसाला साधारण पंचवीस ग्रॅमची आहे, आणि त्यात मिठाईही मोजलेली आहे.

थंडीत चरबी आपोआप जळते, असा एक समज हल्ली जोरात पसरला आहे. त्यामागे खरे विज्ञान आहे, पण ते आपल्याला लागू पडत नाही. प्रौढ माणसांच्या मानेत आणि हंसळीच्या आसपास उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी कार्यरत असते, हे २००९ साली निर्विवादपणे सिद्ध झाले. मात्र ती चेतवायला अंगाला खरोखर गारठा लागावा लागतो. सतरा अंशांच्या मुंबईत स्वेटर घालून, रजई पांघरून झोपणाऱ्या माणसाच्या शरीराला हिवाळा आल्याची वार्ताही पोहोचत नाही. भूक मात्र वाढते, कारण ती सवयीची आणि प्रसंगांची भूक असते.

आता वेळेकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. वाग्भटाने हेमंताबद्दल आणखी एक निरीक्षण नोंदवले आहे: रात्री मोठ्या असल्यामुळे या दिवसांत माणसाला सकाळीच भूक लागते. आपल्या घरांतला धुंधुरमास याच निरीक्षणावर उभा आहे. सूर्य धनू राशीत असतो त्या महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, निदान एखाद्या दिवशी तरी पहाटे स्वयंपाक करून सूर्योदयाला जेवायचे. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, गूळ. दिवसातले सर्वांत भारी जेवण, आणि त्याच्या पुढे कामाचा अख्खा दिवस. आज आपण नेमके उलटे करतो. सकाळी घाईत चहा-बिस्कीट, दुपारी डबा, आणि रात्री साडेनऊ-दहाला, दूरदर्शन संचासमोर, दिवसाचे मोठे जेवण. लग्नाच्या स्वागत समारंभात तर अकरा वाजतात. त्यानंतर थंडी म्हणून थेट पांघरुणात. संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळल्यावर सात-आठ वाजता जेवण उरकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी कोणताही शोधनिबंध वाचला नव्हता. दिव्याचे तेल वाचवायचे म्हणून त्या तसे करत. पण शरीराला ते मानवत असे. जेवणानंतर रक्तातली साखर चढते आणि ती उचलायचे काम मुख्यतः स्नायू करतात. झोपलेले स्नायू ते सावकाश करतात. शतपावलीत हेच साधते. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मधुमेहींवरच्या एका प्रयोगात दाखवले की दिवसात एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहते, आणि सर्वांत मोठा फरक रात्रीच्या जेवणानंतर पडतो. ज्याला हिवाळ्यात एकच गोष्ट करायची असेल त्याने जिम लावण्याआधी रात्रीचे जेवण दोन तास अलीकडे आणावे आणि जेवून दहा मिनिटे चालावे. जानेवारीत वर्षभराचे पैसे भरून फेब्रुवारीत सुटणाऱ्या जिमपेक्षा हे टिकते.

पण वेळेचा विचार करताना आपण एका हट्टातून सुटले पाहिजे, आणि तो हट्ट पहाटेचा आहे. व्यायाम म्हणजे पहाटे पाचला उठून फिरणे, असे आपल्याकडे जवळजवळ धर्मवचनासारखे बिंबवले गेले आहे. तालमीतल्या अठरा वर्षांच्या मुलाला ते ठीक आहे. साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला डिसेंबरातली पहाट धोक्याची असू शकते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकाराचे झटके एरवीही सकाळच्या प्रहरी जास्त येतात. त्यात शहरांतली हवा. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार हवेचे झाकण पडते, आणि वाहनांचा, बांधकामांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्याखाली कोंडून राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की हे झाकण उठते. मुंबईत, पुण्यात, नागपुरात, चंद्रपुरात पहाटे धुके समजून लोक ज्यात दीर्घ श्वास घेतात, ते पुष्कळदा धूर मिसळलेले धुके असते. अशा ठिकाणी सकाळी नऊ-दहा वाजता किंवा दुपारी चारनंतर चालणे अधिक शहाणपणाचे. निवृत्त माणसाला ही वेळ सहज काढता येते, तरी तो अंधारात मफलर गुंडाळून निघतो, कारण उशिरा चालणे त्याला आळसाचे लक्षण वाटते.

पहाटेचा हट्ट बायकांना तर व्यायामातून बाहेरच काढतो. पहाटे पाच ते आठ या वेळेत बहुतेक मराठी घरांतली बाई ओट्यापाशी असते: डबे, मुलांची शाळा, पाणी, सासू-सासऱ्यांचा चहा. तिच्या वाट्याला उरते ती संध्याकाळ, आणि हिवाळ्यात संध्याकाळ साडेसहालाच काळोखी होते. पदपथ उखडलेले, त्यांवर गाड्या लावलेल्या, रस्त्याचे दिवे बंद, कुत्री मागे लागणारी, आणि नको असलेल्या नजरा. या अवस्थेत तिने चालायला जावे आणि न गेल्यास तिला इच्छाशक्ती नाही म्हणावे, हे मला संतापजनक वाटते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या बाबतीत हा आकडा ऐकून अनेकांना नवल वाटते. घरकाम थकवते, पण त्यातले बरेचसे उभ्या-उभ्या, वाकून, एका जागी होते. दम लागेल असे सलग चालणे, ताकद लावणे त्यात कमी असते. तिला थकवा मिळतो आणि तंदुरुस्ती मिळत नाही.

वजन या शब्दाखाली आपण नेमके काय मोजतो, हाही प्रश्न थंडीत विचारायला हवा. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांचे शरीर बारीक दिसूनही आतून चरबीचे असते, हे जगाला दाखवले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही उंचीच्या प्रमाणातला वजनांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा दोघांना सारखाच दाखवत होता. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर ओढली जाते, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगितले जाते. हिवाळ्यात रोज काट्यावर उभे राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा शिवणकामाची टेप बेंबीच्या उंचीवर गुंडाळणे अधिक खरे उत्तर देते.

आपल्याला कमी पडतो तो स्नायू. नुसत्या चालण्याने तो फारसा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला दीडशे मिनिटांच्या चालण्याखेरीज दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. यासाठी लागणारे सगळे आपल्याकडे आधीपासून आहे: जोर, बैठका, सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आयुष्यकार्य मानले, आपल्या संस्थानातल्या शाळांत मुला-मुलींना ते घालायला लावले, त्यावर पुस्तक लिहिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेच सांगत आले आहे. या लोकांना शरीर ही सार्वजनिक बाब वाटत होती. आज ती खासगी झाली आहे, मासिक शुल्क भरणाऱ्याची.

याच महिन्यांत बीड आणि अहिल्यानगरमधली लाखो माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांच्या कोप्यांत पहाटेच्या गारठ्यात भाकरी थापली जाते आणि उजाडायच्या आत कोयते फडात पोचतात. बायका डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढतात. हंगाम संपतो तेव्हा त्यांची अंगे उतरलेली असतात. साखर त्यांच्या हातून आपल्या चहात येते. एकाच राज्यात एकाच थंडीत काहींना मेहनत जिवावर उठते आणि काहींना ती मिळतच नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे वजनाच्या प्रश्नाला केवळ व्यक्तीचा संयम समजण्याची चूक होत नाही. श्रमाची वाटणी समाज करतो, आणि मोकळ्या जागांची वाटणीही समाजच करतो.

म्हणून माझी मागणी नगरपालिकांकडे आणि शाळांकडे आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस हळदीकुंकवाचे. या दिवसांत बायका संध्याकाळी घराबाहेर पडतात आणि त्याबद्दल कोणी त्यांना विचारत नाही. गल्लीगल्लीत त्यांचे येणे-जाणे सुरू असते. रथसप्तमी तर सूर्यनमस्कारांचा दिवस. नेमक्या या दिवसांपासून प्रत्येक प्रभागातल्या एका शाळेचे मैदान संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ उघडे ठेवावे, त्याला दिवे द्यावेत, एक पहारेकरी आणि शिकवणारी एक बाई नेमावी. मैदाने बांधायला नकोत, ती आहेत. शाळा सुटल्यावर त्यांना कुलूप लागते एवढेच. खर्च चार दिव्यांच्या विजेचा आणि दोन माणसांच्या पगाराचा. हळदीकुंकवाला स्टीलची वाटी आणि प्लास्टिकचा डबा वाण म्हणून लुटणाऱ्या महिला मंडळांनी यंदा आपल्या नगरसेवकाकडे त्या कुलपाची किल्ली मागावी, आणि ती रथसप्तमीनंतर परत करू नये.